गोडाऊनमधले दुसरे इंजिन: बसवू, विकू की राहू दे?

शाहूपुरीतल्या एका वाचकाचे पत्र आले आहे. वडिलांच्या पश्चात त्यांच्याकडे १९६७ ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आली, दोन आसनांची, उघड्या टपाची. गाडी चालते, वर्षातून आठ-दहा वेळा पन्हाळ्याला जाऊन येते. तिच्याबरोबर एक सुटे इंजिनही वारशात आले. १९९० च्या दशकात वडिलांनी ते मुंबईहून आणले आणि ‘अडीअडचणीला असू दे’ म्हणून गोडाऊनमध्ये खोक्यावर ठेवले. तेव्हापासून ते कोणी खोलले नाही की फिरवले नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात गोडाऊनमध्ये कमरेइतके पाणी होते. या इंजिनाच्या पट्टीवरचा क्रमांक ‘१८व्ही’ने सुरू होतो, गाडीच्या आरसीवरचा ‘१८जीबी’ने. उद्यमनगरातले मेस्त्री म्हणतात, “दोन्ही अठराशेच हायत. दोन दिवसांत काढ-घाल करतो, नंबराची पट्टी तेवढी इकडची तिकडं मारू.” पुण्यातला थोरला भाऊ म्हणतो, विकून मोकळा हो, मुंबईचा एक घेणारा ठोक रक्कम देऊन पंधरा दिवसांत उचलायला तयार आहे. आई म्हणते, ह्यांची वस्तू घराबाहेर जायची नाही. वाचक विचारतात, मी कोणाचे ऐकू?

नमस्कार.

तुमच्या पत्रात चौघांची मते आहेत, पण इंजिनाच्या आत काय उरले आहे हे चौघांपैकी एकानेही पाहिलेले नाही. मेस्त्री ते चालू स्थितीत आहे असे धरून बोलतात. भाऊ त्याचे पैसे धरतो, आई आठवण धरते आणि मुंबईचा गृहस्थ बहुधा मोडीचा भाव धरून आला आहे. तुम्हीही ‘इंजिनाचे काय करू’ असे विचारता. दोन पूर खाल्लेले ते धूड अजून इंजिन आहे की नुसते ओतीव लोखंड, हे कळायला चार-पाच दिवस लागतील. तोवर कोणाला हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका.

त्याआधी पट्टीबद्दल. एमजीबीचा इंजिन क्रमांक ब्लॉकच्या (इंजिनाच्या मुख्य ओतीव धडाच्या) उजव्या अंगाला, डायनॅमोच्या वर, रिव्हेट मारलेल्या छोट्या पट्टीवर असतो. दोन रिव्हेट उडवले की पट्टी हातात येते, म्हणून मेस्त्रींना ती किरकोळ गोष्ट वाटते. पण आरसीवर आणि विम्याच्या कागदावर तोच क्रमांक आहे. एका ब्लॉकची पट्टी दुसऱ्यावर मारणे म्हणजे क्रमांकात फेरफार. अपघाताच्या दाव्यात किंवा गाडी विकताना तो उघडा पडला तर निस्तरायला मेस्त्री येणार नाहीत, तुम्हीच असाल. दुसरे इंजिन खरोखर बसवायचेच असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आधी आरटीओची परवानगी आणि मग आरसीवर नवा क्रमांक, हा सरळ रस्ता आहे. त्यासाठी त्या इंजिनाच्या खरेदीचा काही कागद लागेल. वडिलांच्या जुन्या फायलींत मुंबईची पावती सापडते का ते आजच बघा. विकायचे ठरले तरी ती उपयोगी पडेल.

पट्टी इतक्या सहज निघते, तर तुमच्या सुट्या इंजिनावरची ‘१८व्ही’ पट्टी तरी मूळची त्याच ब्लॉकची कशावरून? तेही खोलल्यावरच कळेल.

आता मला पडलेला पहिला प्रश्न. गाडीला दुसऱ्या इंजिनाची गरज आहे का? आत्ता चालते आहे ते इंजिन कसे आहे, याबद्दल पत्रात एक ओळही नाही. एका सकाळी ते तपासून घ्या. इंजिन पूर्ण तापवा, चारही प्लग काढा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा आणि सेल्फ मारून एकेका सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजा. चारही आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असतील तर चिंता नाही. एखादा खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर दोष रिंगा-बोअरचा (पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडरची आतली भिंत), जागेवरच राहिला तर व्हॉल्व्हचा किंवा हेड पॅकिंगचा. ऑइल प्रेशर तापलेल्या इंजिनात रस्त्यावर ५० ते ८० पीएसआय आणि आयडलला १० ते २५ असावे. हे सगळे ठीक निघाले तर ‘कोणते इंजिन बसवू’ हा वाद तुमच्या घरात उगीच चालला आहे.

‘दोन्ही अठराशेच’ हे म्हणणे निम्मे बरोबर आहे. दोन्ही १७९८ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८०.२६ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८८.९ मिमी. १९६२ ला एमजीबी आली तेव्हा तिचा क्रँक (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरण्यात बदलणारा दांडा) तीन मेन बेअरिंगवर फिरत असे. १९६४ च्या अखेरीस पाच बेअरिंगचे १८जीबी आले आणि तेच तुमच्या गाडीत आहे. १९६७ च्या अखेरीस गिअरबॉक्स बदलला, पहिल्या गिअरलाही सिंक्रो (गिअर न खरडता पडावा म्हणूनची सोय) आला, सेल्फ नव्या पद्धतीचा झाला आणि त्याबरोबर इंजिनाची मागची प्लेट व फ्लायव्हील बदलले. १८व्ही हे त्याही नंतरचे, १९७१ पासून १९८० पर्यंतचे. म्हणजे तुमच्या गिअरबॉक्सला ते जोडायचे तर मागची प्लेट आणि फ्लायव्हील आताच्या इंजिनावरून उतरवून घ्यावे लागेल. क्रँकच्या शेपटातला, गिअरबॉक्सच्या शाफ्टाचे टोक धरणारा स्पायगॉट बुश तुमच्या शाफ्टाला मापून बसवावा लागेल. तो चुकला तर क्लच दाबूनही गिअर खरडत पडतात आणि मग पुन्हा सगळे खाली. क्रमांकात पुढे ‘एच’ आहे की ‘एल’ तेही बघा. ‘एल’ म्हणजे कमी कॉम्प्रेशनचे. तसे असेल तर बसवल्यावर गाडी आहे त्यापेक्षा मंदच वाटेल.

मेस्त्रींचा हात या इंजिनावर बसलेला असेल तर तो अ‍ॅम्बॅसेडरमुळे, आणि ते चांगलेच आहे. अ‍ॅम्बॅसेडरचे जुने १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन याच बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) ‘बी’ घराण्यातले, स्ट्रोकही तोच ८८.९. टॅपेट, रॉकर, हेड उतरवायची पद्धत, सगळे ओळखीचे. पण सुटे भाग सरसकट चालत नाहीत. तिचा बोअर ७३.०२५ मिमी आणि क्रँक तीन बेअरिंगचा, त्यामुळे पिस्टन, रिंगा, मेन बेअरिंग तिकडून घेता येणार नाहीत. आणखी एक गल्लत नेहमी होते. ‘अ‍ॅम्बॅसेडर १८००’ नाव ऐकून कोणी तिचे सामान सुचवले तर हात जोडा. त्यातले इंजिन इसुझूचे, त्याचा या घराण्याशी काही संबंध नाही.

वडिलांनी इंजिन आणले तेव्हा परदेशातून एक बेअरिंग सेट मागवायचा म्हणजे दिव्य होते. म्हणून त्यांनी अख्खे इंजिनच बाजूला ठेवले, आणि त्या काळात ते शहाणपणाचेच होते. आज स्थिती उलटी आहे. एमजीबी पाच लाखांवर बनल्या, आणि ब्रिटनमध्ये तिची बॉडीसुद्धा १९८८ पासून नव्याने दाबून मिळते. बेअरिंग, पिस्टन, पॅकिंग सेट, ऑइल पंप, टायमिंग चेन, कॅमशाफ्ट हे सगळे नवे येते आणि पार्सलने येते. परवडत नाही ते जड सामान: ब्लॉक, क्रँक, हेड. पूर्ण इंजिन दीडशे किलोच्या पुढे जाते, त्याचे भाडे आणि आयात शुल्क मालाच्या किमतीला गाठते. तेव्हा तुमच्या गोडाऊनमधली खरी मालमत्ता म्हणजे तीन जड वस्तू. बाकी नटबोल्ट सोडले तर त्या इंजिनातले जवळजवळ काहीही आहे तसे परत वापरण्याजोगे नसेल, आणि त्याचे वाईट वाटून घेऊ नका.

आता खोलण्याकडे. बॅटरी लावून ‘बघू फिरतंय का’ हा मोह पहिल्यांदा टाळा. पुराचा गाळ बोअरमध्ये असेल तर एका फेऱ्यात पिस्टन आणि भिंत दोन्हींवर ओरखडे पडतात, गंजलेली रिंग तुटून अडकते.

खालचा ड्रेन प्लग आधी काढा आणि पांढऱ्या डब्यात धरा. तेलापेक्षा पाणी जड, म्हणून पाणी असेल तर तेच आधी येईल. किती आले ते मोजून ठेवा, आणि त्यात चिकट राखाडी गाळ असेल तर तो बोटावर घेऊन बघा. वाळूसारखी खरखर लागली तर ऑइलच्या नळ्यांतही तीच गेली असे समजा. मग चारही प्लग काढून प्रत्येक भोकात पंचवीस-तीस मिली ऑटो ट्रान्समिशन ऑइल आणि अ‍ॅसिटोन निम्मे-निम्मे मिसळून सोडा. हे मिश्रण पेट घेते. काम उघड्यावर करा, जवळपास कोणी विडी ओढत असेल तर आधी त्याला चहाला पाठवा. तीन दिवस तसेच राहू द्या, रोज थोडे वाढवा.

मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा मिळतो, तो प्लगच्या भोकातून घाला. चार सिलिंडरपैकी एक-दोनांचे व्हॉल्व्ह इंजिन थांबले तेव्हा उघडे राहिलेले असतात, आणि पाण्याने घात केलेला असतो तो नेमका तिथेच. कार्बोरेटर काढून भोकांत कोणी चिंध्या कोंबल्या असतील तर त्या सावकाश उपसा. चिंधी वर्षानुवर्षे ओल धरून ठेवते, आणि उंदरांनाही ती आवडते.

त्यानंतर क्रँकच्या पुढच्या नटाला सव्वा इंच आणि एक सोळांश, म्हणजे १ ५/१६ चे सॉकेट लावून हाताने फिरवून बघा, समोरून पाहता घड्याळाच्या दिशेने. इंचभर फिरले की थांबा, मागे घ्या, पुन्हा पुढे. नाही फिरले तर लांब पाइप लावून जोर करू नका. जाम इंजिन वरून ठोकून सोडवायचे नसते, हेड उतरवून खालूनवरून सोडवायचे असते.

हेड काढताना एक गोष्ट या घराण्यातली खास आहे. रॉकर शाफ्टचे चार मोठे नट हेडलाही धरून असतात. ‘नुसते रॉकर काढतो’ म्हणून कोणी ते चारच सोडले तर हेडवर ताण एकाच बाजूने येतो आणि ते वाकते. आधी जॅकेटमधले (ब्लॉकच्या पाण्याच्या वाटांतले) पाणी काढा, मग सगळे नट क्रमाने, एका वेळी थोडे-थोडे सैल करा. पुशरॉड आणि टॅपेट आले त्या क्रमाने पुठ्ठ्याला भोके पाडून खोचून ठेवा. तळाचे चेंबर उतरवल्यावर मेन कॅप (मेन बेअरिंगना खालून धरणाऱ्या टोप्या) मोजा. पाच असतील तर पट्टी निदान खोटे बोलत नाही. तीन निघाल्या तर ते १९६४ च्या अखेरीच्या आधीचे इंजिन आहे आणि तुमच्या गाडीला लावायचा विचार तिथेच संपवा. कॅप काढण्यापूर्वी प्रत्येकीवर नंबर आणि दिशेचा पंच मारून घ्या. मेन कॅप त्याच ब्लॉकबरोबर एका ओळीत बोअर केलेल्या असतात. एकीची दुसरीला किंवा दुसऱ्या ब्लॉकची इकडे चालत नाही.

वेल्श प्लग (ब्लॉकच्या पाण्याच्या वाटांवरची पत्र्याची बुचे) सगळे फोडून काढा. चौथ्या सिलिंडरमागे गाळ साठतो, आणि तो तसाच ठेवून इंजिन बांधले तर चौथाच सिलिंडर तापतो.

इथून पुढे मोजमाप, आणि त्यासाठी कोल्हापूरसारखे गाव नाही. उद्यमनगरपासून शिरोली, गोकुळ शिरगावपर्यंत बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंगची दुकाने आहेत. फौंड्रीवाल्यांच्या या शहरात तडा शोधायची सोयही आहे. फक्त ‘बघून सांगा’ असे म्हणू नका, मापे कागदावर लिहून मागा. बोअर वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा, असे प्रत्येक सिलिंडरचे सहा आकडे. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत सहा थाउच्या (इंचाच्या हजाराव्या भागाला दुकानात थाउ म्हणतात, सहा म्हणजे ०.१५ मिमी) वर फरक असेल किंवा गंजाचे खड्डे नखाला लागत असतील तर बोअरिंग अटळ. पिस्टनच्या माथ्यावर २०, ४० असा आकडा आहे का ते बघा, म्हणजे आधी किती वेळा बोअर झाले ते कळेल. ६० थाउपर्यंत पिस्टन मिळतात, त्यापुढे लाइनर (सिलिंडरमध्ये बसवायच्या नळ्या) टाकावे लागतात. क्रँकचे मेन जर्नल (मेन बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) स्टँडर्डला ५४.०१ मिमीच्या आसपास, बिगएंडचे (जिथे कनेक्टिंग रॉड जोडतो) ४७.६५ च्या आसपास. १०, २०, ३०, ४० थाउ कमी करून त्या मापाची बेअरिंग बसवता येतात. गंज दहा-वीस थाउमध्ये निघून जात असेल तर क्रँक वाचला. ग्राइंडिंगवाल्याला जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई राखायला सांगा. कोपरा चौकोनी कापला की क्रँक तिथूनच तुटतो. आणि ग्राइंडिंगच्या आधी मॅग्नेटिक पद्धतीने तडा तपासा, नंतर नाही. तडा निघाला तर मजुरी वाया जाईल.

हेडमध्ये व्हॉल्व्ह सीटच्या मधल्या पुलावर तडे शोधा, विशेषतः मधल्या दोन सिलिंडरपाशी, जिथे दोन एक्झॉस्ट एकाच वाटेने बाहेर पडतात. प्रेशर टेस्टला पास झाले तर हे हेड जपावे असेच. ते बांधायची वेळ येईल तेव्हा एक्झॉस्टला कडक सीट बसवून घ्या. भारतात २००० पासून शिसेविरहित पेट्रोल आहे, मऊ सीट त्याने झिजते, आणि आता त्यात वीस टक्के इथेनॉल. जुन्या रबरी नळ्या त्यात फुगतात, मिश्रण पातळ होते. हे तुमच्या चालू इंजिनालाही लागू आहे, त्याच्या पेट्रोलच्या नळ्या कधी बदलल्या?

मोजमापाचा कागद हातात आला की निर्णय सोपा होतो. ब्लॉक किंवा क्रँक तडकलेला निघाला तर ते इंजिन नाही. चांगले भाग ठेवा, उरलेले भंगारात द्या किंवा एखाद्या आयटीआयला कापून दाखवायला द्या. पोरांना जुन्या पुशरॉड इंजिनाचा छेद बघायला मिळेल. काच टाकून टीपॉय करण्याची टूम सध्या आहे. करायची तर खुशाल करा, फक्त चांगल्या ब्लॉकचा करू नका.

ब्लॉक, क्रँक, हेड तिन्ही चांगले निघाले आणि गाडीचे इंजिनही ठणठणीत असेल, तर माझा सल्ला बऱ्याच जणांना आवडणार नाही: ते बांधू नका. नव्या पिस्टन-बेअरिंगनिशी बांधून पुन्हा खोक्यावर ठेवलेले इंजिन दहा पावसाळ्यांनी परत खोलावेच लागते. तेव्हा रिंगांना गंज, सील कडक, आणि पैसे गेलेले. सुटे करून, साफ करून, तेल लावून ठेवलेला क्रँक मात्र तुमच्या मुलापर्यंत टिकेल.

गाडीचे इंजिन थकलेले निघाले तर मूळ १८जीबी ब्लॉकच बांधा आणि त्याला लागेल ते सुट्यातून घ्या. याला भावनेपेक्षा कागदाचे कारण मोठे आहे. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांत व्हिंटेज नोंदणी आहे, ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो, शुल्क वीस हजार आणि मुदत दहा वर्षे. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. तुमची १९६७ ची गाडी वयाने बसते. दुसऱ्या पिढीचे इंजिन घालून आपणच तिला त्या दारातून मागे का ओढावे? दसऱ्याला नवीन राजवाड्याची मेबॅक निघते तेव्हा लोक ती आहे तशी आहे म्हणूनच बघायला थांबतात. मूळ क्रमांकाबद्दल शंका असेल तर ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज प्रमाणपत्र मिळते, त्यात कारखान्यातून बाहेर पडताना गाडीत कोणते इंजिन होते ते लिहिलेले असते.

बांधायची वेळ आली तर दुकानदाराशी क्रम ठरवून घ्या: आधी पिस्टन आणि बेअरिंग हातात, मग त्या मापाला बोअरिंग आणि ग्राइंडिंग. उलटे केले की मिळत नसलेल्या मापाचा ब्लॉक घरी पडून राहतो. कॅम नवा असेल तर टॅपेटही नवे, जुने टॅपेट नव्या कॅमला महिन्यात खातात. मेन कॅपला ७० फूट-पौंड, हेडला ४५ ते ५०, क्रँकची मागे-पुढे हालचाल चार-पाच थाउ. टॅपेटची फट थंड इंजिनात १५ थाउ, म्हणजे ०.३८ मिमी, आणि ‘नऊचा हिशोब’ लक्षात ठेवा, आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिल्याची फट, सातवा दाबलेला असताना दुसऱ्याची. पहिल्यांदा चालू करताना प्लग काढून सेल्फवर ऑइल प्रेशर येऊ द्या. मग वीस मिनिटे दोन हजार फेऱ्यांवर ठेवा, नवा कॅम आयडलवर घासतो.

घेणाऱ्याबद्दल. पंधरा दिवसांची घाई त्याची आहे, तुमची नाही. त्याला सांगा, खोलून मोजतो आहे, कागद पाठवतो. पुराचे पाणी शिरले होते हेही स्वतःहून सांगा. लपवले तर नंतर परत येईल, आणि सांगितले तर तोही खोटा भाव करणार नाही. मापे चांगली निघाली तर किंमत वाढवून मागायला तुमच्याकडे आधार असेल, वाईट निघाली तर आत्ताचीच रक्कम बरी वाटेल. विकलेच तर क्रमांकासह पावती करा, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवा, पट्टीचा फोटो काढा. भावाचाही त्यात वाटा आहे, तेव्हा मापांचा कागद त्यालाही पाठवा. फोनवरचे निम्मे भांडण तिथेच थांबेल.

आईंना एकदा नीट विचारा की ‘ह्यांची वस्तू’ म्हणजे त्यांच्या मनात काय आहे. गाडी असेल तर गाडी कुठे जातच नाही. त्या काळ्या धुडाशीच काही जोडलेले असेल तर रॉकर कव्हर धुऊन, रंगवून घरात ठेवता येईल, आणि तुम्ही बाकीचे खोलायला मोकळे व्हाल. हे विचारल्याशिवाय इंजिन गोडाऊनमधून हलवू मात्र नका.

ठेवायचे कसे, ते ज्यांच्याकडे असे दुसरे, पण कोरडे राहिलेले इंजिन आहे त्यांच्यासाठीही लिहितो. न खोलता ठेवायचे असेल तर ताजे ऑइल भरा, सिलिंडरमध्ये पिचकारीने ऑइल मारून हाताने दोन फेरे द्या, मग आठही टॅपेटचे स्क्रू पूर्ण सैल करून पुशरॉड काढून घ्या. त्यामुळे सगळे व्हॉल्व्ह बंद राहतात आणि पावसाळी हवा आत जात नाही. भोकांना चिंधी नको, रबरी बूच लावा. खोललेल्या इंजिनाचे भाग ऑइल लावून गंजरोधक कागदात गुंडाळा. क्रँक आडवा टाकू नका, फ्लायव्हीलच्या बाजूवर उभा करून बांधून ठेवा. बोअरला ग्रीसचा हात फिरवा. प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधाल तर आत घाम धरतो; सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दिवाळीला त्या बदला.

आणि जागा. तुमच्या गोडाऊनच्या भिंतीवर २०२१ च्या पाण्याची रेघ अजून दिसत असेल. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे, आणि ती गाठल्यावर इंजिन हलवायला कोणी मोकळा नसतो. मृग निघायच्या आत चेन ब्लॉक आणि चार माणसे बोलवा. जुन्या घराच्या लाकडी माडीवर मात्र ते चढवू नका, तुळईला दीडशे किलो एका जागी सोसणार नाहीत. लोखंडी अँगलचे स्टँड करून, त्या रेघेच्या हातभर वर, भिंतीलगत.